तासभर बसून तर बघा

यंदा जूनच्या आधी माझी भाची लेकीला घेऊन घरी आली. लेक जूनमध्ये साडेतीन वर्षांची होणार होती. पाणी पिऊन होतंय न होतंय तोच भाचीनं विचारलं, "मावशी, तू एवढी वर्षं अंगणवाड्या तपासल्यास. आता खरं सांग, हिला कुठं घालू?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही.

बावीस वर्षं मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीच्या भागात, पंचवीसएक अंगणवाड्या होत्या. महिन्यातून एकदा तरी प्रत्येकीत पाय ठेवायचा, असा माझा नेम होता. गेलं की हजेरीपट बघायचा, धान्याचा शिल्लक साठा जुळतो का ते बघायचं, वजनाच्या नोंदी तपासायच्या, कमी वजनाच्या मुलांची यादी घ्यायची आणि पुढच्या गावाची एसटी गाठायची. एखादं मूल आज काय बोललं, कुणाशी बोललं, की सकाळभर गप्पच बसून होतं, हे बघायला मी कधी थांबले नाही. आमच्या तपासणीच्या कागदावर त्याला रकानाच नव्हता. भाचीनं विचारलं तेव्हा हे मला फार लागलं. मी तिला म्हटलं, "आपण दोघी जाऊन बसू. मगच सांगते."

म्हणून आई-बाबांनो, हे तुमच्याशी बोलतेय. पोराला कुठं घालायचं या विचारात तुमच्यापैकी कितीतरी जण सध्या असाल.

आमचा तालुका सह्याद्रीला टेकलेला आहे. पूर्वेकडं पाटाचं पाणी आणि ऊस, पश्चिमेला डोंगर आणि भात. भाचीचं गाव मधोमध येतं. तिच्या घरापासून चालत जाण्याजोग्या तीन अंगणवाड्या आहेत. एक गावठाणात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारातच. दुसरी मळ्यातल्या वस्तीवर, देवळाला लागून असलेल्या एका खोलीत. तिसरी ओढ्यापलीकडच्या ठाकरवाडीत, ती मिनी अंगणवाडी. शिवाय तालुक्याच्या गावी एक खासगी नर्सरी आहे. तिची पिवळी गाडी रोज सकाळी भाचीच्या दारावरून जाते. गाडी आली की लेक हात हलवते, आणि शेजारणी म्हणतात, "घाल की गाडीत, आमचा जातोच आहे." चार सकाळी आम्ही चारही ठिकाणी जाऊन बसलो.

गावठाणातली अंगणवाडी बघून कुणाचंही मन भरेल. नवी इमारत, भिंतीवर फळं, प्राणी, वार आणि महिने रंगवलेले, दाराशी हात धुवायला नळ. मुलं तीसेक. ती ओळीत बसली होती, हाताची घडी, तोंडावर बोट. सेविका दाराजवळच्या खुर्चीत मोबाइलवर माहिती भरत होती. मदतनीस आत खिचडीकडं बघत होती. आम्ही तासभर बसलो. त्या तासात बडबडगीत एकदा झालं, रंगांची नावं एकदा सगळ्यांनी एका सुरात म्हटली, आणि "गप बसा" हे चौदा वेळा. मी मोजलं. खेळणी होती, चांगली होती, लाकडी ठोकळे, मोठे मणी, चित्रांचे तुकडे जुळवायचे संच. सगळी कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. मी विचारलं तर ती म्हणाली, "मुलं हरवतात, मोडतात, आणि तपासणीला मोजून दाखवावी लागतात." ही मोजणी मीच वर्षानुवर्षं केली होती. तिला काय बोलणार?

तिच्यावर रागावू नका. एका बाईच्या वाट्याला काय काय येतं ते एकदा मोजून बघा. मुलांना शिकवायचं, त्यांची वजनं-उंची घ्यायची, गरोदर बायकांच्या घरी भेट द्यायची, तान्ह्यांच्या लसीकरणाचा दिवस आशाताई आणि नर्सबाईंबरोबर पार पाडायचा, घरी न्यायचा आहार वाटायचा आणि हे सगळं मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरवर चढवायचं. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्जही गावोगावच्या सेविकांनीच भरून घेतले. त्याच्या आधी, डिसेंबर 2023 मध्ये, याच सेविका मानधनवाढ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर गेल्या. तो संप पन्नासहून जास्त दिवस चालला. तेव्हा गावागावांत आईबाप वैतागले होते, ते मी ऐकलं आहे. पण त्या बाईचं काम सरकारच्या लेखी आजही "मानसेवी" आहे आणि पगाराला "मानधन" म्हणतात. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेही एवढ्या वर्षांनी.

तामिळनाडूत झालेला एक अभ्यास मला इथं आठवतो. तिथल्या काही अंगणवाड्यांत फक्त मुलांना शिकवण्यासाठी अर्धा दिवस आणखी एक बाई नेमली. एवढ्यानं मुलांना शिकवण्याचा वेळ दुपटीवर गेला, भाषा आणि गणितात मुलं पुढं गेली आणि त्यांचं कुपोषणही कमी झालं. इमारत तीच, आहार तोच. वाढला तो मुलांजवळ बसणाऱ्या बाईचा वेळ. म्हणून तुम्ही अंगणवाडी बघायला जाल तेव्हा रंगकाम नंतर बघा. आधी बघा, तुमच्या पोराच्या वाट्याला त्या बाईचा किती वेळ येतो.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो. खोली अंधारी, पत्र्याला एका कोपऱ्यात भोक, त्याखाली बादली ठेवायची सवय असावी, कारण फरशीवर गोल डाग पडलेला. भाचीनं नाक मुरडलं. मुलं सतरा-अठरा. सेविका सतरंजीवर मुलांच्यात बसलेली. गाणं सुरू होतं, तेवढ्यात एक पोरगा उशिरा धावत आला आणि दारातूनच ओरडला, "बाई, आमची गाय व्याली!"

गाणं तिथंच थांबलं. बाई म्हणाल्या, "अगं बाई! गोऱ्हा का कालवड?" मग काय विचारता. रंग कोणता, उभं राहिलं का, रात्री कोण जागलं, चीक काढला का, खरवस कुणाकुणाला देणार. एका मुलीच्या घरी शेळीला दोन करडं झाली होती, तिनं ते सांगितलं. गाईचे पाय किती, वासराचे किती, दोघांचे मिळून किती, हे बोटांवर मोजून झालं. एक लाजरी मुलगी सारा वेळ बाईंच्या पदराला धरून होती. ती सगळ्यात शेवटी हळूच म्हणाली, "आमच्यात म्हस हाये." बाईंनी तिला "म्हस नाही, म्हैस म्हण" असं दटावलं नाही. "हो का? नाव काय तिचं?" असं विचारलं. मुलगी चार वाक्यं बोलली. वाटेत भाची सांगत होती, ही मुलगी परक्यांपुढं तोंडच उघडत नाही म्हणून तिची आई फार काळजीत असते.

आई-बाबांनो, तीन ते सहा वर्षांचं शिक्षण म्हणतात ते हेच. शब्द वाढतात, क्रम लावता येतो, मोजता येतं, दुसऱ्याचं ऐकून घेता येतं, आणि आपण बोललेलं मोठ्या माणसाला महत्त्वाचं वाटतं याची मुलाला खात्री पटते. ज्या मुलानं पाच-सहा वर्षं भरभरून बोलून घेतलं आहे, त्याला पहिलीत वाचायला शिकणं सोपं जातं. अक्षरं त्याला ओळखीच्या शब्दांची चित्रं वाटतात.

तिसऱ्या दिवशी ठाकरवाडी. मुलं चौदा, बाई एकटी. मिनी अंगणवाडीला मदतनीस नसते. मुलांना घरोघरून गोळा करायचं, शिकवायचं आणि आहाराचंही बघायचं, सारं तिनंच. तिनं चुलीकडं तोंड केलं की मुलांना सांभाळायला नऊ वर्षांची एक मुलगी असायची. त्या मुलीनं स्वतः शाळेत असायला हवं होतं, हे मी तिथं बोललेही. पण बाई वाडीतलीच, मुलांशी त्यांच्याच बोलीत बोलणारी. रानातल्या भाज्यांची, पाखरांची नावं मुलांना घरच्या शब्दांत येत होती, ती तिनं तशीच घेतली आणि मग शेजारी पुस्तकातला शब्द ठेवला. एकाही मुलाच्या चेहऱ्यावर भेदरलेपण दिसलं नाही. पावसाळ्यात मात्र ओढा भरला की भाचीच्या लेकीला तिथं जाता येणार नाही, म्हणून तो विचार आम्ही तिथंच सोडला.

चौथी सकाळ नर्सरीत गेली. तिथलं चांगलं आधी सांगते. दार दिलेल्या वेळेला उघडतं. मूल आजारी पडलं तर फोन येतो. पालकांना खुर्ची देतात, "बसा" म्हणतात, नावानं बोलावतात. पालक फी भरतात त्यातली बरीचशी या मानासाठी असते, असं मला तिथं बसून वाटलं. हा मान अंगणवाडीनंही द्यायला हवा, आणि त्याला पैसा लागत नाही.

पण वर्गात साडेतीन-चार वर्षांची पोरं बाकावर बसून वहीत इंग्रजी अक्षरं गिरवत होती. एका पोरानं पेन्सिल मुठीत धरली होती, जशी रवी धरतात तशी. बोटं पांढरी पडली होती. त्याची चूक काहीच नव्हती. त्या वयात मनगटाची हाडं आणि बोटांचे लहान स्नायू अजून भरत असतात. आधी माती मळावी, शेंगा सोलाव्यात, मणी ओवावेत, मोठ्या खडूनं फरशीवर गोल-गोल रेघा माराव्यात, मग पेन्सिल आपोआप बोटांत नीट बसते. इंग्रजी गाणी सगळी पोरं छान म्हणत होती. पण त्यातल्या एका मुलीला मी मराठीत विचारलं, "या गाण्यात काय सांगितलंय?" तर ती माझ्याकडं बघत राहिली. तासाभरात एकाही मुलानं स्वतःहून एक वाक्य उच्चारलं नाही. गावठाणातल्या अंगणवाडीत नेमकं हेच होतं, हे माझ्या लक्षात आलं. एकीकडं सरकारी पाटी, दुसरीकडं पिवळी गाडी, आणि मुलं दोन्हीकडं सारखीच गप्प.

हे काही माझ्या एकटीचं मत नाही. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे 14 हजार मुलांचा चार वर्षं वयापासून आठ वर्षांपर्यंत माग ठेवून एक मोठा अभ्यास झाला. 2017 मध्ये तो प्रसिद्ध झाला. दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ, असर सेंटर आणि युनिसेफ त्यात होते. त्यात दिसलं की बहुतेक अंगणवाड्यांत शिकवणं फारसं होतच नाही, आणि खासगी ठिकाणी पहिलीतलं लिहिणं-वाचणं तीन-चार वर्षांच्या मुलांवर लादलं जातं. ज्या ठिकाणी खेळ, गोष्टी, गप्पा आणि वयाला साजेशी कामं होती तिथली मुलं पुढं सरस ठरली. पाटी कुणाची होती, यानं फरक पडला नाही.

आपल्या महाराष्ट्राला तर हे परकं नाहीच. ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. शहरातली माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची? मग चिंचोके, शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, माती हीच साधनं झाली. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. पुढं 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणावर शाळा भरवली. अनुताईंना बालविधवा म्हणून घरात कोंडून घेता आलं असतं, पण त्या शिकल्या आणि ताराबाईंच्या मागं उभ्या राहिल्या. देशभरात 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. पण पुढं वजनकाटा आणि आहार यांच्या मागं शिकवणं झाकलं गेलं, असं माझ्यासारख्या आतल्या माणसाला म्हणावं लागतं. कोसबाडच्या साधनांना कुलूप लावायची गरजच नव्हती, हे मला गावठाणातल्या त्या कपाटासमोर आठवलं.

आहाराबद्दलही बोलते, कारण तो लहान विषय नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला सकाळचा नाश्ता आणि ताजं गरम जेवण मिळायला हवं. हा तुमच्या मुलाचा हक्क आहे. मूल नर्सरीत पाठवून नाव अंगणवाडीच्या पटावर ठेवणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. मग आहार नुसता कागदावर वाटला जातो, पट फुगलेला दिसतो आणि खरी गरज असलेलं मूल हिशेबात हरवतं. असं करू नका. अंगणवाडीत जाल तेव्हा ताटात काय आहे ते बघा. मुगाच्या खिचडीत मूग दिसतात का बघा. मुलं हात धुऊन बसतात का, पाणी झाकलेलं आहे का, हेही बघा. आणि दर महिन्याला विचारा, "वजन किती भरलं?" आकडा ऐकून तो माता-बाल कार्डावर लिहून घ्या. दोन महिने वजन हललं नाही तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका. आरोग्य उपकेंद्रात जा. कामासाठी तुम्ही कुटुंबासह दुसऱ्या गावी जात असाल, आमच्या डोंगराकडची माणसं नारायणगावला भाजीच्या मजुरीला जातात तशी, तर तिथल्या अंगणवाडीतही मुलाचं नाव लावायला सांगा. आपण परगावचे म्हणून दारात थांबायचं कारण नाही.

आता इंग्रजीची भीती. मला तुमची कळकळ कळते. आपण इंग्रजीपाशी अडखळलो, पोरानं अडखळू नये, यापायी बाप ऊस तोडून फी भरतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या कष्टाची मला कदर आहे. पण ज्या भाषेत मूल आईला हाक मारतं तीच त्या वयात विचाराची भाषा असते. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि त्यात घरची भाषा पुढं ठेवली. इंग्रजी गाणी म्हणू द्या, चांगलंच आहे. पण ज्या वर्गात मूल मराठीतही बोलत नाही, त्या वर्गात इंग्रजी कुठून येणार?

भाचीला मी वस्तीवरची अंगणवाडी सांगितली. ती लगेच हो म्हणाली नाही. "मावशी, छप्पर गळतं. संडास नाही. पोरीला शी लागली तर बाईनं कुठं न्यायचं?" तिचं बरोबर होतं. मी त्या भागात बावीस वर्षं फिरले, आणि एवढा साधा प्रश्न वरच्या बैठकीत जोर लावून मांडला नाही. चांगली बाई मिळाली म्हणून आईनं संडासाविना चालवून घ्यावं, असं मी तिला सांगू शकले नाही. सांगूही नये.

मग आम्ही दोघींनी एक केलं. वस्तीवरच्या पाच-सहा आयांना बोलावलं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातली दहा टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करायची असते, हे त्यातल्या एकीलाच ठाऊक होतं, आणि तीही पूर्वी सदस्य होती म्हणून. आम्ही अर्ज लिहिला: संडास, छपराचे पत्रे आणि दाराशी एक नळ. अर्जावर अंगठे आणि सह्या मिळून एकवीस झाल्या. सेविका आधी घाबरली, आपल्यावर काही येईल का म्हणून. तिला म्हटलं, ही मागणी आयांची आहे, तुझं नाव यात नाही. गावठाणातल्या सेविकेलाही मी भेटून आले. कपाटातलं एखादं खेळणं मोडलं तर नोंद कशी करायची ते तिला कागदावर लिहून दिलं. आता ठोकळ्यांचा एक संच तिनं बाहेर काढला आहे. बाकीचे अजून आत आहेत.

भाचीची लेक जूनपासून वस्तीवर जाते. पहिले चार दिवस रडली, पाचव्या दिवशी घरी येऊन तिनं आईला खाली बसवलं, स्वतः पाटावर बसली आणि विचारलं, "सांगा, तुमच्या म्हशीचं नाव काय?" भाचीच्या घरी म्हैस नाही. तिनं एक नाव सांगून टाकलं, आता रोज त्या म्हशीची चौकशी होते.

तुमच्या गावात अंगणवाडी एकच असेल तर तुलना कशाशी करायची, असं तुम्ही विचाराल. मागच्या महिन्यातल्या तिच्याशीच करा. महिन्यातून एक सकाळ काढून सतरंजीच्या कडेला बसा. बाबांनीही बसावं, हे मी मुद्दाम सांगते, कारण चार दिवसांत आम्हाला चारही ठिकाणी एकही बाबा दिसला नाही. बाईंच्या चुका काढायला बसू नका. बसलात तर हाताशी काही काम घ्या, शेंगा निवडा, एखादी आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगा. सेविकेला तेवढाच हातभार लागतो, आणि आपल्या पोराला बोलायला वाव मिळतो की नाही हेही तुम्हाला कळतं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आमचा अर्ज वाचला गेला. "पुढच्या सभेत बघू" असं उत्तर मिळालं. पुढची सभा 2 ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी आम्ही साऱ्याजणी मुलांना बरोबर घेऊन जाणार आहोत. सभा लांबली तर त्यांच्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू भाची करून आणणार आहे.